पैकीच्या पैकी

घरी सरकारी मदतनीस मिळावी म्हणून आठ महिने खेटे घातले, तेव्हा कुठे तपासणीच्या बाई आल्या. माझे सासरे निवृत्त हेडमास्तर. आधाराशिवाय उभंही राहता येत नाही. सकाळीच मी त्यांना अंघोळ घातली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि खुर्चीत ताठ बसवलं.

"आजोबा, कपडे कोण घालतं?" बाईंनी फॉर्म काढला.

"मीच."

"अंघोळ? जेवण?"

"माझं सगळं मीच करतो." जन्मभर पोरांना नापास केलेला माणूस, स्वतः कसा नापास होईल!

"आणि सूनबाई?"

"ती असते घरात. तिला तरी काय काम आहे?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "त्यांनाच बोलू द्या." पैकीच्या पैकी गुण देऊन त्यांनी 'मदतीची गरज नाही' असा शेरा मारला आणि आजोबांचं कौतुक करत निघून गेल्या.

दार लागलं, तसे सासरे खेकसले, "गेली ना ती? मग उभी काय राहिलीस? संडासला ने मला."