ओढ्याच्या हयातीचा दाखला

पेन्शनरांप्रमाणे आता ओढ्यांनाही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागे. डायटम, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारं इवलंसं शेवाळ, यंत्राला सापडलं तर ओढा जिवंत. नाहीतर त्याचं पाणी पाइपात बंद.

पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी आंबवणीच्या ओढ्यातल्या वाहत्या पाण्याची बाटली भरून यंत्रात ओतली.

"डायटम नाही. ओढा मृत," यंत्र बोललं.

"सापडेल कसा?" कुमुदिनीबाई कडाडल्या. शाळेतून निवृत्त होईपर्यंत दरवर्षी त्यांनी मुलांना याच ओढ्यातला डायटम सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. "तो दगडाला चिकटून राहतो. माझी सातवीतली पोरंसुद्धा टूथब्रशने दगड घासायची!"

"बाई, नियमात बाटली आहे. टूथब्रश नाही."

बाईंनी पदर खोचला. त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या, बुळबुळीत दगड घासला आणि तो तपकिरी लगदा साहेबांना यंत्रात टाकायला लावला.

"डायटम ओळखला. राहण्याचं ठिकाण, फक्त आंबवणीचा ओढा."

"ऐकलंत?"

यंत्र पुढे बोललं, "आंबवणीचा ओढा पाच मिनिटांपूर्वी मृत झाला आहे. नमुना अमान्य."

साहेबांनी खांदे उडवले. "नोंद झाली, बाई. आता माझ्या हातात काही नाही."

"मग बूट काढा आणि खाली या! मेलेल्या ओढ्यात पाय गारठतात कसे, ते मला सांगा."

साहेब काठावरून हलेनात.

"पाइपवाल्यांना निरोप द्या," बाई पाण्यातच पाय रोवून म्हणाल्या, "यंदा ओढ्याचा दाखला म्हणून मी उभी आहे."