उजवा पिंजरा

कांद्याच्या सालीतल्या फ्लेव्होनॉइड या द्रव्याने यकृतावरची चरबी उतरते का, हे पाहण्यात तिची दोन वर्षं गेली होती. दोन्ही पिंजऱ्यांतल्या उंदरांना सारखंच तेलकट खाणं. डाव्या पिंजऱ्याला त्यात औषधाची पूड, उजव्याला नाही. आज तपासलं, तर दोन्हीकडचे उंदीर सडपातळ आणि यकृतं स्वच्छ. म्हणजे पूड असो वा नसो, फरक काहीच नाही. अहवालात तसं लिहून ती प्रयोग गुंडाळायला उठली, तेवढ्यात पिंजऱ्यांची देखभाल करणारे काका दारात घुटमळले.

"ताई, रागवू नका. उजवीकडचे बिचारे फुगत चालले होते. मला बघवेना. रोजची पूड मी दोघांत निम्मी निम्मी वाटायचो."

तिने अहवाल परत पुढ्यात ओढला. मग खुर्चीत बसून तिने शेवटची ओळ खोडली.

"म्हणजे निम्म्यातही गुण आला, काका."

"मग बरंच झालं की."

"बरं कसलं? असं कोण मानणार? पहिल्यापासून सगळं परत करायचं. आणि या वेळी उजव्या पिंजऱ्याला काही म्हणजे काही द्यायचं नाही."

काकांनी मान डोलावली आणि जुडग्यातून एक किल्ली सोडवून तिच्या टेबलावर ठेवली.

"तो पिंजरा मग तुम्हीच सांभाळा."