गणिताचा तास

गावच्या शाळेत गणिताला अजूनही शिक्षक आला नव्हता. शेवटी दीप्ती दहावीच्या पोरींना घेऊन एसटीनं कोल्हापूरला आली. शिक्षण खात्यातल्या साहेबांच्या दारातच वह्या उघडून सगळ्या खाली बसल्या.

"शाळा सोडून इथं काय करताय?" साहेब ओरडले.

"गणिताचा तास हाय, सर," दीप्ती म्हणाली. "शिक्षक मिळंपर्यंत रोज हितंच भरणार."

"पोरींची पुढारी झालीस व्हय? आधी स्वतःच्या दहावीचं बघ!"

दीप्ती जागची हलली नाही.

"माझी दहावी गेल्या वर्षीच झाली, सर. आमचा अख्खा वर्ग गणितात नापास झाला. तवा आमच्यासाठी हितं कुणी येऊन बसलं न्हवतं."