एकशे एकची पावती

"ये रसीद देखिए, साहब," कंपनीच्या वकिलांनी कागद न्यायाधीशांपुढे सरकवला. "एक सौ एक रुपये. दो साल पहले इनके घर से मिले हैं."

कंपनीनं इथल्या, हिंदी मुलखातल्या कोर्टात निरंजनवर थकबाकीचा दावा लावला होता. क्रेडिट कार्डाचा शेवटचा हप्ता त्यानं चार वर्षांपूर्वी भरला होता, कागदाचा कारखाना बंद पडला त्या महिन्यात. त्यानंतर छदामही नाही. तीन वर्षं उलटली की असा दावा कोर्टात टिकत नाही, असं त्याच्या वकील तृप्तीताईंनी सांगितलं होतं. त्या भरवशावर गडी चार महिने निवांत झोपत होता. पण मधे एक रुपया जरी भरला गेला असेल, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून. चाळीस हजारांचे आता दोन लाख झाले होते. इथल्या लालबागेतल्या राहत्या दोन खोल्या गेल्याच म्हणायच्या.

"मी नाही भरले," तो कसाबसा म्हणाला.

मागच्या बाकावरून त्याची आई, इंदुबाई, उठून उभी राहिली. "मीच देले. त्याले." तिनं बोट दाखवलं ते कंपनीकडून साक्षीला आलेल्या वसुलीवाल्या चेतनकडे.

निरंजनला आईचा असा राग जन्मात आला नव्हता. शेजारणीकडे कोणती भाजी शिजली तेही घरात येऊन सांगणारी ही बाई, आणि एवढी गोष्ट गिळून बसली!

तृप्तीताईंनी मात्र पावती पुन्हा वाचली. "आई, हप्ता कधी एकशे एक असतो का? हा वरचा रुपया कशाचा?"

"हप्त्याचं मले काय ठाऊक! निरंजन घरी नव्हता. हा पोरगा दारात आला, पानी मांगलं. सासुरवाडी इचारली तं फोपनार म्हने. माह्या माहेरचा जावई निंघाला! पहिल्यांदा दारी आलेला जावई, त्याले काय तसाच लावून देऊ?"

"कहानी अच्छी है," कंपनीचे वकील हसले.

न्यायाधीश हसले नाहीत. ते चेतनकडे वळले. "तुम बताओ. ये पैसे किस बात के थे?"

चेतननं वकिलांकडे पाहिलं, मग इंदुबाईंकडे. त्याचा चेहरा पार उतरला.

"वसूली कम थी, साहब. रसीद मैंने बाद में बनाई. अम्मा ने तो मुझे कुंकू लगाके नारियल और ये शगुन दिया था."

मुदत उलटलेला दावा तिथंच फेटाळला गेला. निरंजनच्या छातीवरचा धोंडा उतरला. हसावं की रडावं, त्याला कळेना. बाहेर आल्यावर त्यानं चेतनचे दोन्ही हात धरले.

"आता तुझी नोकरी जाईल रे. का खरं बोललास?"

"नोकरी दुसरी भेटन, दादा," चेतन म्हणाला. "पन उद्या फोपनारले कोनत्या तोंडानं जाऊ?"