घोड्याखालचं घर

"चक्रात सहा घरं असताना काडतुसं पाचच का भरायची, अप्पा?" शूटिंग रेंजवर मी वैतागून विचारलं. अमेरिकेत आमच्या माँटानाच्या रानात अस्वलं फिरतात, म्हणून दुकानातलं सगळ्यात दणकट, जुन्या घडणीचं रिव्हॉल्व्हर मी हौसेनं निवडलं होतं. प्रत्येक बार काढण्याआधी घोडा अंगठ्यानं मागं ओढायचा.

"घोडा भरल्या काडतुसावर टेकलेला राहतो. हातातून पडलं तर आपोआप बार उडेल. त्याच्याखालचं घर रिकामं ठेव."

अप्पांनी फौजेत तीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या होत्या. साताऱ्याहून माझ्याकडे, लेकीकडे आल्यापासून त्यांचं शिकवणंच चाललं होतं. मी हट्टानं सहाही काडतुसं भरली, रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि कानांवर लावायचे मफ आणायला गाडीकडे गेले.

परत येऊन उचलायला गेले, तर ते धूड हातातून निसटलं आणि फरशीवर नेमकं घोड्यावरच आपटलं. नळीचं तोंड अप्पांकडे होतं.

नुसतं खट् झालं.

अप्पांनी वाकून रिव्हॉल्व्हर उचललं, नळी निशाणाकडे करून ते रिकामं केलं आणि टेबलावर ठेवलं. मग खिशातून सहावं काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मी गाडीकडे गेले तेव्हाच त्यांनी ते घोड्याखालच्या घरातून काढून घेतलं होतं.

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. "ओरडा ना मला, अप्पा."

"त्या रिव्हॉल्व्हरनं आवाज केला नाही, मग मी कशाला करू?" ते म्हणाले. "डोळे पूस. आता तूच भर. पाच."