गौरीचे हात

गौरीच्या मागे लावायला मृणालीने चित्र काढलं होतं. फेर धरलेल्या बाया, नि प्रत्येकीचा हात म्हणजे लाल-पिवळं रानफूल. रंग अजून ओला होता. सासू काशीबाई दारातच थबकल्या. “कळलावी? घरात भांडणं लावते ती. पूस गो आधी!” “आई, माहेरी पेणला आम्ही गौरीचे हात म्हणतो ह्याला. नि भांडण लागायचं राहिलंय कुठे? काकींशी तुम्ही शिमग्यापासून बोलत नाय.” मृणालीने जीभ चावली. काशीबाईंनी फडकं शोधलं नाही, सरळ फुलावर तळवा फिरवला. तेवढ्यात घरोघरी नाचत बाया अंगणात आल्या. पुढे काकीच, काशीबाईंची धाकटी जाऊ, तीही पेणचीच. तो लाल-पिवळा तळवा बघून तिच्या तोंडून निघूनच गेलं, “वयनी, गौरीचा हात झालाय तुमचा!” टाळ्या थांबल्या. काशीबाईंनी तळव्याकडे पाहिलं, मग जावेकडे. “मंग धर की!” त्या खेकसल्या. “फेर काय एकटीनं धरू?”