वेणू

“वेणू? शाळेत पोरं हसतील तिला!” पाळण्याला फुगे बांधता बांधता वन्सं म्हणाल्या. “माझ्या आईनंच टाकलेलं नाव कशाला उकरतेस? झियांशा ठेव. त्या नटीच्या मुलीचं आहे, एकदम युनिक!”

घुगऱ्या उपसणाऱ्या सासूबाईंचा हात थांबलेला मला दिसला.

वेणू हे त्यांचं माहेरचं नाव. लग्नात सासऱ्यांनी तांदळात अंगठीनं दुसरंच लिहिलं आणि वेणू संपली. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. ते नाव माझ्या लेकीला मिळावं, म्हणून मी घरभर भांडून सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं.

बारशाला नाव आत्यानं ठेवायचं. वन्सं बाळाच्या कानाशी वाकल्या, कुर्र केलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, “झियांशा!”

माझं डोकंच फिरलं. पोटात वाढवली मी, आणि नाव वन्संच्या मोबाइलमधलं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायका रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत लटके धपाटे घालायला सरसावल्या. पहिला धपाटा सासूबाईंनी घातला. तो लटका नव्हता.

“मी टाकलं नव्हतं गं ते,” त्या म्हणाल्या. “वाक पुन्हा, आणि माझं नाव घे.”